कानाच्या पडद्यावर संप्रेरकांचा उपचार

‘कान फुटला’ असे आपल्याकडे म्हटले जाते, तेव्हा बहुधा कानाच्या पडद्याला छिद्र पडून त्यातून पू वाहत असतो. हा पडदा सुमारे ९ मिलिमीटर व्यासाचा असून त्याची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकीच असते.

अंगावरील इतर जखमा तळापासून भरत येतात. पडद्याच्या छिद्राला मात्र तळच नसतो. दोन्ही बाजूंस केवळ हवा असते. त्यामुळे तेथे आधी बाहेरील त्वचेच्या पेशी कडेवरून सरकत एकमेकींना मिळतात आणि मधला तंतुमय थर मागाहून तयार होतो. काडी, फटाका किंवा थप्पड यांमुळे पडलेली बहुतेक ताजी छिद्रे अशा रीतीने दोन-तीन महिन्यांत आपोआप बुजतात. (कानशिलात मारलेली एक थप्पडही पडदा फाटण्यास पुरेशी होते, हे शिक्षकांनी ध्यानी घ्यावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा निषिद्धच ठरविली आहे.) परंतु कान वारंवार वाहत राहिला की छिद्राच्या कडांवर त्वचा चढते आणि वाढ तेथेच थांबते. मग शस्त्रक्रियेने, बहुधा कानाजवळील स्नायूवरचे पातळ आवरण घेऊन, पडदा सांधावा लागतो.

ही थांबलेली वाढ औषधाने पुन्हा सुरू करता येईल काय, हा संशोधकांपुढील प्रश्न होय. १९२१ साली टोरांटो येथे शोधले गेलेले इन्शुलिन हे संप्रेरक केवळ साखरेचे नियमन करीत नाही; त्वचेच्या पेशींची वाढ व हालचालही ते वाढविते. म्हणून त्याचे थेंब छिद्रावर वापरून पाहण्यात आले. प्राण्यांवरील आणि ताज्या छिद्रांच्या लहान रुग्णगटांवरील निष्कर्ष आशादायक आहेत. मात्र तो अद्याप प्रस्थापित उपचार नव्हे.

संप्रेरकांचेच जणू भाऊबंद असलेल्या ‘वृद्धिघटकां’च्या बाबतीत प्रगती अधिक झाली आहे. संप्रेरके रक्तावाटे दूरवर जातात, तर वृद्धिघटक प्रामुख्याने शेजारच्या पेशींना चालना देतात. जपानचे डॉ. शिनइची कानेमारू व त्यांच्या सहकाऱ्यांनी छिद्राची कड खरवडून ताजी केली, वृद्धिघटकात भिजविलेला जिलेटिनचा स्पंज तेथे बसविला आणि वरून जैविक गोंद लावला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार ५३ पैकी ५२ रुग्णांची छिद्रे बुजली. औषधाविना केवळ स्पंज लावलेल्या १० जणांत एकाचेच बुजले. तुलनेचा गट फारच लहान होता, हे विसरून चालणार नाही. तरीही २०१९ मध्ये जपानने या औषधास मान्यता दिली. कान कोरडा व संसर्गमुक्त असल्याखेरीज मात्र हा उपचार करता येत नाही.

मधुमेही व्यक्तीसाठी घरात ठेवलेले इन्शुलिन मुलाच्या कानात घालण्याचा मोह कोणासही होऊ नये. त्या कुपीत क्रेसॉलसारखे परिरक्षक असते आणि छिद्रावाटे ते थेट मध्यकर्णात उतरते. गरम तेलाचेही तेच. काही प्रतिजैविक थेंबांनीसुद्धा अंतर्कर्णास इजा पोहोचते. म्हणून थेंब डॉक्टरांनी कान तपासल्यावरच घालावेत. तोवर स्नानाच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस कानात ठेवावा आणि मुलास विहिरीत पोहू देऊ नये.

२०१३ पासून राबविल्या जाणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या शालेय तपासणीत मध्यकर्णदाह व श्रवणदोष यांचा समावेश आहे. हाक मारल्यावर वळून न पाहणारा किंवा सतत ‘काय?’ असे विचारणारा विद्यार्थी शिक्षकांनी या पथकासमोर अवश्य आणावा. पुढील उपचारासाठी पथक त्यास रुग्णालयात पाठविते.