परक्या शहरात एकट्याने

नोकरी, परीक्षा, प्रशिक्षण किंवा औषधोपचार यांसाठी एकट्याने मोठ्या शहरात जाण्याचा प्रसंग कोणावरही येऊ शकतो. महाराष्ट्रातून बंगळूरला जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. मुंबईहून पुणे-सोलापूरमार्गे धावणारी उद्यान एक्स्प्रेस त्यांच्या परिचयाची असते. इतिहासाच्या दृष्टीने हे शहर मराठी माणसाला अगदीच परके नाही. सतराव्या शतकात ते शहाजीराजांच्या जहागिरीत होते. तरीही तेथे प्रथमच उतरणाऱ्याला भाषा, लिपी आणि रस्ते यांपैकी काहीच ओळखीचे नसते. परके शहर वाईट असते असे नव्हे, ते केवळ अपरिचित असते. म्हणूनच तेथे वावरताना भीतीपेक्षा माहिती अधिक उपयोगी पडते.

इलेक्ट्रॉनिक सिटी

बंगळूरच्या दक्षिणेस, शहराच्या मध्यभागापासून सुमारे २० किलोमीटर अंतरावर, होसूर रस्त्यालगत इलेक्ट्रॉनिक सिटी ही औद्योगिक वसाहत आहे. आर. के. बलिगा यांच्या कल्पनेतून कर्नाटक राज्य इलेक्ट्रॉनिक्स विकास महामंडळाने १९७८ मध्ये कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या परिसरात तिची स्थापना केली. आज तेथे संगणक क्षेत्रातील अनेक कंपन्या आहेत आणि त्यांतील कित्येकांचे काम रात्रीही चालते. वसाहतीचे ‘फेज १’, ‘फेज २’ असे भाग आहेत. त्यामुळे केवळ ‘इलेक्ट्रॉनिक सिटी’ एवढाच पत्ता पुरेसा ठरत नाही. फेज, रस्ता, इमारत आणि जवळची ठळक खूण या चारही गोष्टी प्रवाशाजवळ लिहिलेल्या असाव्यात.

निघण्यापूर्वी

अंतराचा अंदाज नसेल तर प्रवासी अवेळी रस्त्यावर अडकतो. बंगळूरचा विमानतळ शहराच्या उत्तरेस देवनहळ्ळीजवळ आहे, तर इलेक्ट्रॉनिक सिटी दक्षिणेच्या टोकाला. या दोहोंमधील अंतर ५० किलोमीटरांहून अधिक भरते. रेल्वेने मुख्य स्थानकावर उतरणाऱ्याला समोरच ‘मॅजेस्टिक’ या नावाने ओळखले जाणारे बसस्थानक आणि मेट्रो स्थानक सापडते. ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोचा पिवळा मार्ग सुरू झाला. त्यामुळे मॅजेस्टिकहून हिरव्या मार्गाने आर. व्ही. रोडपर्यंत जाऊन, तेथे गाडी बदलून इलेक्ट्रॉनिक सिटीला पोहोचता येते. मात्र रात्री उशिरा मेट्रो बंद होते. म्हणून शक्यतो दिवसा पोहोचणारी गाडी निवडावी आणि पहिल्या रात्रीच्या मुक्कामाची सोय आधीच निश्चित करावी.

पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक कागदावरही लिहून घ्यावेत. मोबाइलची बॅटरी संपली तरी कागद कामास येतो. पैसे आणि ओळखपत्रे एकाच ठिकाणी ठेवू नयेत. भाड्याची खोली प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय अनामत रक्कम देऊ नये. नोकरी मिळवून देण्यासाठी कोणी आगाऊ पैसे मागितले, तर तो फसवणुकीचा प्रकार असण्याचा मोठा संभव असतो. अशा वेळी कंपनीच्या कार्यालयात थेट चौकशी करावी.

वाहनात बसताना

डिसेंबर २००५ मध्ये बंगळूर येथे एक हृदयद्रावक घटना घडली. रात्रपाळीसाठी निघालेल्या एका तरुण कर्मचारी स्त्रीला नेण्यासाठी नेहमीच्या चालकाऐवजी दुसराच चालक आला. नेहमीचा चालक येऊ शकत नाही, असे त्याने सांगितले. तिने विश्वास ठेवला आणि तिचा प्राण गेला. पुढे न्यायालयाने आरोपीला जन्मठेपेची शिक्षा दिली. या घटनेत दोष सर्वस्वी गुन्हेगाराचा होता. कामावर जाणाऱ्या व्यक्तीने वाहनावर विश्वास ठेवणे हा काही अपराध नव्हे. या घटनेनंतर रात्रपाळीच्या वाहतुकीचा प्रश्न देशभर चर्चिला गेला. स्त्री कर्मचाऱ्याला गाडीत शेवटी एकटी राहू न देणे, सोबत सुरक्षारक्षक पाठवणे अशा पद्धती अनेक कंपन्यांनी स्वीकारल्या.

प्रवाशाने यातून एक सवय लावून घ्यावी. वाहनाचा क्रमांक आणि चालकाचे नाव आधी कळवलेल्या माहितीशी जुळते की नाही, हे बसण्यापूर्वीच पाहावे. ते जुळत नसेल, तर कार्यालयाला दूरध्वनी करून खात्री होईपर्यंत गाडीत बसू नये. उशीर झाल्याबद्दल बोलणी खावी लागली तरी चालतील. गाडीचा क्रमांक घरी किंवा मित्राला कळवावा आणि तो कळवल्याचे चालकाला ऐकू येईल असे बोलावे.

मदत मागताना

अडचणीच्या वेळी संकोच करू नये. ११२ हा क्रमांक देशात कोठूनही लावता येतो. त्यावर पोलीस, रुग्णवाहिका व अग्निशमन दल यांची मदत मिळते. स्त्रियांसाठी १८१, रेल्वे प्रवासासाठी १३९ आणि ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांक आहेत. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला, तरी दखलपात्र गुन्ह्याची तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात देता येते. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तशी स्पष्ट तरतूद आहे.

स्थानिक भाषेतील चार शब्दही मोठा आधार देतात. कन्नडमध्ये ‘निल्लिसि’ म्हणजे थांबवा, ‘बेड’ म्हणजे नको आणि ‘सहाय माडि’ म्हणजे मदत करा. पोलीस ठाण्याला तर कन्नडमध्येही ‘ठाणे’च म्हणतात. रस्ता विचारायचा झाल्यास आपणहून जवळ येणाऱ्यापेक्षा दुकानदार, बसवाहक किंवा सुरक्षारक्षक अशा, आपल्या जागी काम करत असलेल्या व्यक्तीला विचारणे अधिक सुरक्षित असते.

एकट्याने प्रवास करणारा माणूस खऱ्या अर्थाने एकटा नसतो. तो कोठे आहे, कोणत्या वाहनात आहे आणि केव्हा पोहोचणार आहे, हे दूर गावी एखाद्याला ठाऊक असले, तर त्याची अनुपस्थिती लगेच लक्षात येते. पोहोचल्यावर घरी केलेला एक दूरध्वनी म्हणूनच केवळ ख्यालीखुशालीचा नसतो, तो सुरक्षिततेचाही भाग असतो.