कव्हरवर घोडे, पाण्याखाली दाते

होडीच्या मागे लटकलेल्या आउटबोर्ड मशीनवर आधी दिसतो तो एचपीचा आकडा. पण हे घोडे पाण्यात कसे धावणार, ते ठरवतात खालच्या गिअर केसमधले दाते. त्यांच्याच या करामती.

२७ भागिले १३
यामाहाच्या साध्या ९.९ एचपी मशीनमध्ये पिनियनला, म्हणजे इंजिन फिरवतं त्या छोट्या गिअरला, १३ दाते आणि त्याला अडकणाऱ्या गिअरला २७. भागाकार २.०८, हाच गिअर रेशो. इंजिन ५,००० आरपीएमवर ओरडत असतं, तेव्हा पंखा जेमतेम २,४०० वर असतो. म्हणजे रेशो जितका मोठा, तितका पंखा सावकाश.

घाई केली की पाणी उकळतं!
पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन. त्यात पंखा फार वेगात फिरवला, तर पात्यांच्या पाठीवर दाब इतका घटतो की थंड पाण्याचीही वाफ होऊन बुडबुडे उठतात. पकड सुटते आणि फुटणारे बुडबुडे धातूला खड्डे पाडतात. याला म्हणतात कॅव्हिटेशन.

१४ आणि २८ का नाही?
हिशेब सोपा झाला असता, पण मग ठरावीक दात्यांची गाठ ठरावीक दात्यांशीच पडली असती. १३ आणि २७ यांना सामाईक विभाजक नाही. त्यामुळे प्रत्येक दाता समोरच्या प्रत्येकाला भेटतो आणि झीज सगळ्यांत सारखी वाटली जाते.

ताकद तीच, स्वभाव वेगळा
मर्क्युरीचं ६० एचपी मशीन १.८३ रेशोत मिळतं आणि ‘कमांड थ्रस्ट’ रूपात २.३३ मध्येही. इंजिन ६,००० आरपीएमला असताना पहिल्याचा पंखा सुमारे ३,२८० फेऱ्या घेतो, दुसऱ्याचा २,५७५. हलकी, चपळ बोट असेल तर पहिलं घ्या. माणसं, जाळी, बर्फ असा भार ओढायचा असेल, तर मोठा पंखा सावकाश फिरवणारं दुसरं.

मग रेशो थेट ५ का नको?
रेशो वाढवायचा तर सहसा खालचा गिअर मोठा करावा लागतो. गिअर मोठा झाला की त्याची पेटी जाडजूड होते आणि तीच पाणी अडवू लागते. कमावलेला जोर तिथेच गळतो.

रिव्हर्सची गंमत
बोट मागे घेताना इंजिन उलटं फिरत नाही. फॉरवर्ड आणि रिव्हर्स हे दोन्ही गिअर पिनियनला कायम अडकलेले असतात आणि एकमेकांच्या उलट फिरत राहतात. त्यांच्या मधला सरकता जोड, म्हणजे डॉग क्लच, ज्याला धरेल, त्याची दिशा पंख्याला मिळते. न्यूट्रलमध्ये तो कुणालाच धरत नाही.

पाण्यातला घाट
मर्क्युरीने २०२१ मध्ये ६०० एचपीचं व्ही-१२ व्हेराडो आणलं, तेही दोन गतींच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह. उठावाला २.९७, वेग आला की २.५०. घाट चढताना एसटीचा ड्रायव्हर खालचा गिअर टाकतो, तसंच. फक्त इथे गिअर मशीन स्वतःच बदलतं.

तेल दुधाळ? सावधान!
गिअर केसमधून काढलेलं तेल दुधाळ दिसलं, तर सील गळून आत पाणी शिरलं आहे. दात्यांना गंज चढायच्या आत मेकॅनिक गाठा.

आणि गिअरच नसलेले
बहुतेक इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटरींमध्ये मोटर पाण्याखाली, थेट पंख्याच्याच शाफ्टवर बसते. ती कमी फेऱ्यांतही भरपूर जोर देते. मग दाते हवेत कशाला?