इंजिन सुरू होते, पण चालत राहत नाही

विहिरीवरील डिझेल इंजिन हँडल मारताच सुरू होते, पंप पाणी ओढू लागतो आणि दहा-पंधरा मिनिटांत इंजिन बंद पडते. पुन्हा हँडल मारावे तर पुन्हा सुरू होते आणि पुन्हा बंद पडते. ऐन पाण्याच्या पाळीत असे झाले की पीक वाळण्याची भीती असते. मग घाईघाईने नोझल आणि फ्युएल पंप खोलला जातो. बऱ्याच वेळा दोष तेथे नसतोच.

इंजिन सहज सुरू होते, याचाच अर्थ त्याचे काँप्रेशन आणि नोझल बहुधा ठीक आहेत. सुरू झालेले इंजिन चालत राहण्यासाठी चार गोष्टी अखंड मिळाव्या लागतात : डिझेल, हवा, थंड ठेवणारे पाणी व ऑइल, आणि झेपेल एवढाच भार. यांपैकी काय कमी पडले हे इंजिन कसे बंद पडते त्यावरून ओळखता येते. म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी पुढील लक्षणे पाहावीत.

बंद पडतानाची लक्षणे

१) वेग हळूहळू उतरतो, इंजिन गचके देते आणि काळा धूर न येता बंद पडते : डिझेलचा पुरवठा तुटतो आहे.
२) वेग सारखा कमी-जास्त होतो : डिझेलच्या मार्गात हवा आहे किंवा गव्हर्नरचे सांधे घट्ट झाले आहेत.
३) आवाज जड होतो, काळा धूर येतो आणि वेग उतरतो : भार जास्त आहे किंवा इंजिनाला हवा कमी मिळते आहे.
४) इंजिन खूप तापते, जड होत थांबते आणि हँडल फिरत नाही : पाणी किंवा ऑइल कमी पडले आहे.

डिझेलचा मार्ग

तपासणी टाकीपासून सुरू करून नोझलकडे जावे. टाकीच्या झाकणाला बारीक छिद्र असते. डिझेल जसे खाली जाते तशी त्या छिद्रातून हवा आत येते. धूळ, तेलकट मळ किंवा कुंभारीण माशीच्या मातीने हे छिद्र बुजले, तर टाकीत पोकळी तयार होते आणि थोड्या वेळाने डिझेल उतरणे थांबते. ठरावीक वेळ चालून बंद पडणाऱ्या इंजिनात ही शंका प्रथम घ्यावी. झाकण सैल ठेवून इंजिन चालवून पाहावे. ते बंद पडले नाही, तर दोष सापडला. तारेने छिद्र मोकळे करावे. झाकण कायम उघडे ठेवू नये, कारण धूळ व पाणी आत जाते.

त्यानंतर टाकीचा कॉक पूर्ण उघडा आहे का ते पाहावे. फिल्टरकडील नळी सोडून डिझेलची धार पाहावी. धार बारीक असेल तर टाकीच्या तळाशी गाळ साचला आहे. टाकी धुऊन स्वच्छ डिझेल गाळून भरावे. फिल्टरच्या वाटीत पाणी किंवा गाळ असल्यास काढून टाकावा. कापडी फिल्टर स्वच्छ डिझेलने धुता येतो, परंतु कागदी फिल्टर धुऊन पुन्हा वापरू नये, नवीन बसवावा. डिझेलमध्ये रॉकेल मिसळू नये. रॉकेलला डिझेलइतका वंगणाचा गुण नसतो, त्यामुळे फ्युएल पंप व नोझल लवकर झिजतात.

टाकी रिकामी होईपर्यंत इंजिन चालवले किंवा नळी सोडली की मार्गात हवा शिरते. ती काढण्यासाठी प्रथम फिल्टरवरील स्क्रू सैल करावा. बुडबुडे थांबून सलग डिझेल येऊ लागले की घट्ट करावा. मग फ्युएल पंपावरील स्क्रूबाबत असेच करावे. शेवटी नोझलकडील नळीचे नट सैल करून हँडल फिरवावे आणि डिझेल उडू लागले की नट आवळावे. एक-दोन दिवसांतच पुन्हा हवा धरत असेल, तर एखादा वॉशर खराब आहे किंवा नळीला चीर आहे. नोझलच्या फवाऱ्यापुढे हात कधीही धरू नये. त्या दाबाने डिझेल कातडीच्या आत शिरते.

भार, पाणी आणि ऑइल

काळा धूर येत असल्यास पट्टा उतरवून इंजिन मोकळे चालवावे. मोकळे चांगले चालले, तर इंजिनावर भार जास्त आहे असे समजावे. पंप जाम होणे, पट्टा फार ताणलेला असणे किंवा पुलीचा आकार चुकीचा असणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. मोकळे असतानाही काळा धूर आला, तर एअर फिल्टर व सायलेन्सर साफ करावे.

इंजिन तापत असेल तर पाण्याची नळी, ऑइलची पातळी आणि ऑइलचा काळपटपणा तपासावा. तापलेल्या इंजिनावर एकदम थंड पाणी ओतू नये, हेड तडकते. ते आपोआप निवू द्यावे.

जनरेटरच्या इंजिनालाही हीच तपासणी लागू आहे. मात्र थेट स्टार्टरवरील विजेची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट विद्युतप्रवाह ओढते. मोटर लावताच जनरेटर दबून बंद पडत असेल, तर इंजिनात दोष शोधण्याआधी जनरेटरची क्षमता पुरेशी आहे का ते पाहावे.

विहिरीत उतरवलेले इंजिन

पाणी खोल गेले की सेंट्रिफ्युगल पंप वरून पाणी ओढू शकत नाही. साधारण ६ ते ७ मीटरच्या पुढे त्याची ओढ पुरत नाही. म्हणून काही ठिकाणी इंजिनच विहिरीत उतरवले जाते. असे इंजिन काळा धूर टाकत बंद पडले, तर ते दुरुस्त करण्यासाठी किंवा पुन्हा हँडल मारण्यासाठी कोणीही खाली उतरू नये. इंजिनाच्या धुराने विहिरीतील प्राणवायू कमी होतो. जेथे इंजिनाला हवा पुरली नाही तेथे माणसालाही पुरणार नाही. शिवाय धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो आणि वासही नसतो. कंदील सोडून पाहण्याची पद्धतही यासाठी उपयोगाची नाही. प्राणवायू संपला तर कंदील विझतो, परंतु हा विषारी वायू असतानाही तो जळत राहतो. खाली कोणी बेशुद्ध पडल्यास त्याच्यामागे दुसऱ्याने उतरू नये. असे एकामागून एक जीव गेले आहेत. दोराने वर ओढता आले तर ओढावे आणि अग्निशमन दल बोलवावे.

खोल विहिरीसाठी इंजिन खाली न उतरवता पाणबुडी मोटर वापरावी. वीज नसेल तर तिच्यासाठी पुरेशा क्षमतेचा जनरेटर काठावर मोकळ्या हवेत ठेवावा.

एवढे तपासूनही इंजिन बंद पडत असेल, तर फ्युएल पंप व नोझल शेतावर न खोलता चाचणीची सोय असलेल्या कार्यशाळेत न्यावेत. किती वेळ चालते, धूर कोणत्या रंगाचा येतो आणि बंद कसे पडते, या तीन गोष्टी फिटरला सांगाव्यात. त्याचा वेळ वाचेल आणि आपला खर्चही.