वेस्टगेटपर्यंत खबर जाऊ न देणारा स्क्रू

बोटभर लांबीचा पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा. रबरी नळ्या चढवायला दोन निपल, डोक्यावर फिरवायचा स्क्रू, त्याला जागच्या जागी धरणारा लॉकनट. आत एक स्प्रिंग आणि एक पोलादी छर्रा. मॅन्युअल बूस्ट कंट्रोलर म्हणतात तो एवढाच. वायर नाही, चिप नाही. टर्बोच्या गाडीत हा बसवला की ताकद वाढते असं सगळे सांगतात, आणि ती वाढतेही. पण हा तुकडा स्वतः इंजिनाला काही देत नाही. टर्बोच्या दारावर एक पहारेकरी असतो. त्याच्यापर्यंत खबर उशिरा पोचेल एवढीच व्यवस्था तो करतो. तेव्हा आधी त्या पहारेकऱ्याची ओळख करून घेतलेली बरी.

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने 1905 साली पेटंट घेतलं त्या कल्पनेचं सार सोपं आहे. एक्झॉस्टमधून गरम वायू नुसते वाया जातात. त्यांच्या झोतावर एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसवलेल्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. हवा जास्त म्हणजे इंधन जास्त जाळता येतं, इंधन जास्त म्हणजे एक्झॉस्ट जास्त, एक्झॉस्ट जास्त म्हणजे टर्बो आणखी वेगात. हा फेरा मोकळा सोडला तर इंजिन फुटेपर्यंत वाढत जाईल. म्हणून एक्झॉस्टच्या बाजूला एक झडप ठेवतात, वेस्टगेट. ती उघडली की काही वायू टर्बाइनला वळसा घालून सरळ सायलेन्सरकडे निघून जातात आणि टर्बोचा वेग आवरला जातो.

ही झडप उघडतो अ‍ॅक्च्युएटर नावाचा पत्र्याचा डबा. आत रबरी पडदा, पडद्यामागे स्प्रिंग, पडद्याला जोडलेला दांडा. टर्बोने दाबलेल्या हवेची एक बारीक नळी या डब्यात येते. हवेचा दाब स्प्रिंगला भारी पडला की दांडा पुढे सरकतो आणि झडप उघडते. सगळा कारभार त्या चार मिलिमीटरच्या नळीवर चालतो, आणि बूस्ट कंट्रोलर बसतो तो याच नळीत.

त्याचे दोन प्रकार. पहिला गळतीचा: नळीत एक टी जोडायचा आणि त्याच्या मोकळ्या तोंडातून थोडी हवा बाहेर सोडायची. टर्बो 15 पीएसआय दाब (यालाच बूस्ट म्हणतात) करत असला तरी डब्यात पोचतात 11. दुसरा छर्रा-स्प्रिंगचा. यात स्प्रिंगने दाबलेला छर्रा नळीचं तोंडच बंद करून बसतो. ठरवलेला दाब येईपर्यंत डब्यात काहीच जात नाही, आणि आला की छर्रा उचलला जाऊन वाट मोकळी होते. गळतीच्या प्रकारात वेस्टगेट आधीपासूनच किलकिलं होत राहतं आणि बूस्ट रेंगाळत चढतो. छऱ्याच्या प्रकारात ते शेवटपर्यंत मिटलेलं राहतं, त्यामुळे गाडीचा पिकअप खालच्या आरपीएमलाच जाणवतो. माझं मत विचाराल तर गळतीचा प्रकार आता फक्त इतिहास म्हणून लक्षात ठेवावा.

हा इतिहास मात्र रंगतदार आहे आणि त्याचा मोठा भाग अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या नॉर्मल नावाच्या गावाशी जोडलेला आहे. क्रायस्लर आणि मित्सुबिशी यांनी मिळून तिथे डायमंड-स्टार मोटर्स हा कारखाना काढला. तिथून मित्सुबिशी इक्लिप्स, ईगल टॅलन आणि प्लिमथ लेझर या एकाच साच्यातल्या तीन गाड्या बाहेर पडल्या. त्यांतल्या टर्बो आवृत्त्यांमध्ये 4जी63 हे दोन लिटरचं इंजिन होतं, तेच जे पुढे लान्सर इव्होल्युशनमध्ये गेलं आणि ज्याच्या जोरावर टॉमी मॅकिनेनने 1996 ते 1999 अशी सलग चार वर्षं जागतिक रॅली अजिंक्यपदं मिळवली. इंजिन दणकट, आणि गाडी जुनी झाल्यावर कॉलेजच्या पोरांच्या आवाक्यातली. कंपनीने बूस्ट ठेवला होता साधारण 11-12 पीएसआय. इंजिनाची कुवत त्याहून जास्त आहे हे पोरांच्या लगेच ध्यानात आलं. मग कुणी माशांच्या टाकीतल्या हवेच्या नळीचा प्लास्टिकचा कॉक आणून लावला, कुणी हार्डवेअरच्या दुकानातले पितळी जोड, एक छर्रा आणि बॉलपेनातली स्प्रिंग वापरून कंट्रोलर घरीच तयार केला. ते चालायचे! विकतचे कंट्रोलर याच तत्त्वावर पण नीट कातकाम करून आले.

टॅलन किंवा इक्लिप्सवर तो बसवायचा तर इंजिन पूर्ण गार असू द्यावं, कारण नळी टर्बोच्या अंगाला खेटून असते. पहिल्या पिढीच्या या गाडीत कॉम्प्रेसरच्या तोंडाजवळच्या निपलापासून एक नळी अ‍ॅक्च्युएटरकडे जाते आणि मधल्या टीमधून एक फाटा कंपनीच्या सोलेनॉइडकडे. सोलेनॉइड हासुद्धा बूस्ट कंट्रोलरच, फक्त तो कॉम्प्युटरच्या हुकमाने हवा सोडतो आणि सोडलेली हवा टर्बोच्या आधीच्या इनटेक पाईपात परत देतो. आपला कंट्रोलर बसवताना हा फाटा काढून टाकायचा. इथेच पुष्कळांचं चुकतं. फाटा काढला, पण इनटेक पाईपावरचं निपल उघडंच ठेवलं, तर न मोजलेली हवा तिथून आत शिरते. हवा मोजणारा सेन्सर एअर फिल्टरच्या डब्यात, या निपलाच्या आधी बसलेला असतो. त्याला या हवेचा पत्ताच नसतो. इंधन कमी पडतं आणि दोष मात्र कंट्रोलरवर येतो. म्हणून निपलावर रबरी टोपी आणि टोपीवर क्लॅम्प. सोलेनॉइडची वायर मात्र जोडलेलीच राहू द्यावी, नाहीतर डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागू शकतो.

मग कॉम्प्रेसरच्या निपलापासून कंट्रोलर आणि कंट्रोलरपासून अ‍ॅक्च्युएटर. छऱ्याची बाजू कॉम्प्रेसरकडे. अंगावर बहुधा बाण कोरलेला असतो. उलटा बसवला तर हवेचा दाब छऱ्याला त्याच्या जागेवर आणखी घट्ट बसवेल आणि वेस्टगेट कधी उघडणारच नाही. कंट्रोलरच्या अंगावर, अ‍ॅक्च्युएटरच्या बाजूला, सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं. ते बुजवू नये. थ्रॉटल सोडल्यावर डब्यात अडकलेली हवा त्यातूनच निघून जाते. ती अडकून राहिली तर पुढच्या वेळी झडप अर्धवट उघडीच असेल. नळ्या शक्य तितक्या आखूड, एक्झॉस्टपासून लांब, कुठेही मुरगळलेल्या नाहीत, आणि प्रत्येक टोकाला क्लॅम्प. कंट्रोलर डॅशबोर्डवर हाताशी असावा अशी काहींना हौस असते. त्यापायी दीड-दोन मीटर नळी वाढते, तेवढी खबर उशिरा पोचते आणि काटा ठरवलेल्या आकड्याच्या पुढे उडी मारतो.

काटा म्हटलं की गेजचं आलं. पहिल्या पिढीच्या या गाड्यांत बूस्ट गेज होता, दिसायलाही छान, पण त्याला दाबाची नळी जोडलेलीच नव्हती. सेन्सरने मोजलेल्या हवेवरून कॉम्प्युटर अंदाज बांधायचा आणि काटा हलवायचा. त्या काट्याच्या भरवशावर स्क्रू फिरवणं म्हणजे आंधळेपणा. म्हणून खरा, इनटेक मॅनिफोल्डला नळी जोडलेला गेज आधी आणि कंट्रोलर नंतर, हा क्रम मोडू नये. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर गेज घ्यावा. जमलं तर त्यासोबत एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा वाइडबँड सेन्सर. रोजच्या चालण्यात पेट्रोलच्या एका भागाला हवेचे 14.7 भाग हे प्रमाण ठीक. पूर्ण बूस्टमध्ये ते साडेअकरा-बारापर्यंत खाली यायला हवं, कारण जादा पेट्रोल आतला उष्मा शोषून घेतं.

आता फिरवाफिरवी. स्क्रू पूर्ण बाहेर काढून सुरुवात करायची. या स्थितीत बूस्ट अ‍ॅक्च्युएटरच्या स्वतःच्या स्प्रिंगएवढा राहतो. त्याहून खाली कोणताही कंट्रोलर नेऊ शकत नाही. मग डायनोवर किंवा बंद ट्रॅकवर तिसऱ्या गिअरमध्ये अडीच हजार आरपीएमपासून पूर्ण थ्रॉटल, आणि शेजारी बसलेल्याने काट्यावर नजर ठेवायची. अर्धा आटा आत, पुन्हा तेच. हव्या आकड्याच्या जरा अलीकडेच थांबून लॉकनट आवळायचा आणि मग चौथ्या गिअरमध्ये तपासायचं, कारण वरच्या गिअरमध्ये इंजिनावर भार जास्त वेळ राहतो आणि तोच स्क्रू पीएसआय-दीड पीएसआय जास्त दाखवतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सेटिंग करून खूश झालेल्यांची गाडी हायवेवर भलतंच काही दाखवते ती त्यामुळे. थंडीत हवा दाट असते, तेव्हाही आकडा वर सरकतो.

काटा कसा चढतो हे आकड्याइतकंच बोलकं असतं. ठरलेल्या दाबावर क्षणभर उसळून खाली बसला, तर कंट्रोलरची किंवा लांब नळीची उसळी. सुरुवातीला बरोबर थांबला पण आरपीएमबरोबर हळूहळू वर सरकत राहिला, तर स्क्रूकडे बघूच नये. वेस्टगेटचं भोक एक्झॉस्टला अपुरं पडतंय, बहुतेकदा रुंद सायलेन्सर बसवल्यावर. झडप सताड उघडी असूनही वायू तिथे मावत नाहीत, आणि कंट्रोलर सैल केल्याने त्यात काडीचाही फरक पडत नाही. उलट शेवटी काटा खाली उतरायला लागला तर टर्बो लहान आहे, तो धापा टाकतोय असं समजावं. तिथे स्क्रू आवळून फक्त गरम हवा मिळते.

गरम हवेचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. बाहेर 30 अंश सेल्सिअस तापमान आणि सत्तर टक्के कार्यक्षमतेचा कॉम्प्रेसर धरला, तर 12 पीएसआयला टर्बोतून निघणारी हवा सुमारे 110 अंशांवर असते आणि 15 पीएसआयला 125 च्या आसपास. इंटरकूलर ती गार करतो, पण या गाड्यांचा मूळ इंटरकूलर बंपरच्या एका कोपऱ्यात दडवलेला आणि लहानखुरा. तापलेली, दाबलेली हवा सिलिंडरमध्ये गेली की ठिणगीची आग पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेट घेतं. हेच नॉकिंग. पूर्ण थ्रॉटलला आणि सायलेन्सरच्या गदारोळात ते कानाला ऐकू येईलच असं नाही. स्पार्क प्लग काढून पांढऱ्या चिनी मातीवर भिंगातून पाहावं. राखाडी चमकदार ठिपके दिसले तर ते पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम आहे. स्क्रू त्याच दिवशी बाहेर काढावा. दाब वाढवला की ठिणगीला उडी मारणं जड जातं, म्हणून प्लगचा गॅपही सुमारे 0.7 मिमीपर्यंत कमी करतात. नाहीतर वरच्या आरपीएमला गाडी अडखळते आणि लोक पेट्रोल पंपाला दोष देतात. गाडी अचानक कुणी ब्रेक मारल्यासारखी थांबली तर तो फ्युएल कट: ठरलेल्यापेक्षा जास्त हवा मोजली की कॉम्प्युटर इंजेक्टर बंद करतो. तो कट उडवून लावणारी यंत्रंही बाजारात मिळतात. ती घेणाऱ्याने नवीन हेड गॅस्केटही सोबतच घेऊन ठेवावं.

पेट्रोलच्या दर्जाचा आकडा इथे निर्णायक ठरतो. अमेरिकेत पंपावर लिहिलेला 93 आणि आपल्याकडचा जुना 91 हे एकाच मोजपट्टीवरचे नाहीत. तिकडचा आकडा दोन पद्धतींची सरासरी असतो; आपल्या पद्धतीने मोजलं तर तो 98 च्या जवळपास भरतो. म्हणजे तिकडचा कुणी 16 पीएसआयला निर्धास्त आहे म्हणून साध्या 91 च्या पेट्रोलवर तेवढाच आकडा लावणं धोक्याचं. इंडियन ऑइलने 2020 मध्ये 100 ऑक्टेनचं पेट्रोल आणलं खरं, पण रोजची टाकी त्याने भरणारे किती?

बूस्टचा मोह फक्त गल्लीतल्या पोरांनाच झाला असं नाही. फॉर्म्युला वनमध्ये 1986 साली बीएमडब्ल्यूच्या दीड लिटरच्या चार सिलिंडर इंजिनाची पात्रता फेरीतली ताकद 1300-1400 अश्वशक्ती असावी असा अंदाज बांधला जातो. चालकाच्या हाताशी बूस्टचा नॉब असायचा, आणि अशी इंजिनं काही फेऱ्यांतच संपायची. शेवटी नियम करणाऱ्यांनी प्रत्येक गाडीवर झडप सक्तीची केली, 1987 ला 4 बार आणि 1988 ला अडीच बारवर दाब सोडून देणारी, आणि 1989 पासून टर्बोच बंद केले. शहाणपण दुसऱ्या टोकाला दाखवलं ते साबने. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी नॉकिंग ऐकणारा सेन्सर बसवला आणि त्याच्या सांगण्यावरून बूस्ट कमी-जास्त होऊ दिला. आजच्या सगळ्या टर्बो पेट्रोल गाड्या याच वाटेने चालतात.

म्हणूनच चाकणमधून बाहेर पडलेल्या पोलो जीटी टीएसआयसारख्या गाडीवर हा तुकडा लावण्यात अर्थ नाही. कॉम्प्युटरला ठरलेला दाब आणि मिळालेला दाब यांत फरक दिसला की तो थ्रॉटल आवळतो नाहीतर ताकद छाटून गाडी लिंप मोडमध्ये टाकतो. त्याआधीच्या पिढीची, तेव्हाच्या औरंगाबादेत जुळवलेली 1.8 टर्बोची ऑक्टेव्हिया आरएस ही मधली स्थिती. परदेशात तिच्या भावंडांवर मॅन्युअल कंट्रोलर पुष्कळांनी लावले. पण मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांहून वेगळा बदल गाडीत करता येत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर बॉनेट उघडतो तेव्हा त्याला पितळ लगेच दिसतं.

जुनी टर्बो गाडी घेताना हीच तपासणी आपणही करावी. अ‍ॅक्च्युएटरकडे जाणाऱ्या नळीत कंट्रोलर आहे का, लॉकनटवर पान्याच्या ओरखड्यांच्या किती खुणा आहेत, नळी नवी पण क्लॅम्प गायब असं काही आहे का. कंट्रोलर नसला तरी अ‍ॅक्च्युएटरच्या दांड्याचे आटे बघावेत. दांडा आखूड करून झडप आणखी घट्ट मिटवण्याची युक्ती कंट्रोलरच्याही आधीची आहे. मालक म्हणाला, गाडी स्टॉक आहे, तर इनटेक पाईपावरच्या त्या निपलावरची रबरी टोपी शोधावी. कंट्रोलर काढून विकायला वेळ मिळतो. टोपी काढून जुनी नळी परत जोडायची आठवण सहसा कुणाला राहत नाही.