सिएरा नेवाडातील पदभ्रमण आणि विरळ हवा

सह्याद्रीत भटकलेली मित्रमंडळी कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडात चार-पाच दिवसांच्या पदभ्रमणाचा बेत आखतात, तेव्हा तंबू, पाठपिशवीचे वजन आणि अस्वलांपासून अन्न राखणारे डबे यांची चर्चा भरपूर होते, उंचीची क्वचितच. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. विरळ हवेचा त्रास साधारणतः २,५०० मीटरच्या वर जाणवू लागतो आणि ‘जॉन म्यूर ट्रेल’वरील फॉरेस्टर खिंड सुमारे ४,००० मीटरवर आहे. त्यामुळे गडकोटांचा अनुभव येथे अपुरा ठरतो.

तंदुरुस्त माणसालाही हा त्रास होतो. म्हणून ३,००० मीटरनंतर मुक्कामाची उंची दररोज ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये. तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी. डोकेदुखीसोबत मळमळ किंवा थकवा जाणवल्यास चढाई थांबवावी. तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर जिवाला धोका असतो. अशा व्यक्तीला सोबत देऊन तत्काळ खाली न्यावे.

मित्रांचा बेत मोडू नये म्हणून अनेक जण दुखणे लपवतात. यास्तव एकाला त्रास झाल्यास सर्वांनी थांबायचे, हे निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.