विश्लेषण : संगणकावरचा ‘मंगल’ फॉन्ट कोणी घडवला? कोण होते र. कृ. जोशी?

कारंजा (घाडगे) : मराठी ३० शब्द प्रतिमिनिट या टंकलेखन परीक्षेची तयारी करणाऱ्या इथल्या मुलामुलींना ‘मंगल’ हे नाव पाठ असते. फॉन्टच्या यादीत जायचे, मंगल निवडायचा आणि टाइप करायला लागायचे. पण हा फॉन्ट कोणीतरी बसून रेखाटला आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. इंजिनीअरिंगची चार वर्षे संगणकापुढे काढूनही प्रस्तुत प्रतिनिधीला ते ठाऊक नव्हते.

ते काम प्रा. रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६-२००८) यांचे. मराठी कवितेचे वाचक त्यांना र. कृ. जोशी म्हणून ओळखतात.

अक्षरांशी खेळणारा कवी

साठच्या दशकात जगभरचे चित्रकार रंग आणि अक्षरांची शिस्त मोडत होते. सॅन फ्रान्सिस्कोत वेस विल्सन यांच्या पोस्टर्सवरची अक्षरे वितळल्यासारखी, फुगल्यासारखी असत. वाचायला थांबावेच लागे. जर्मन चित्रकार हाइन्झ एडेलमान यांनी बीटल्सच्या ‘यलो सबमरीन’ (१९६८) या चित्रपटाला त्याचे भन्नाट रंगीत रूप दिले.

मुंबईत हा लघुनियतकालिकांचा काळ होता. जोशी ‘उल्का’ या जाहिरात संस्थेत कलादिग्दर्शक होते. पोटापाण्यासाठी जाहिराती आणि सोबत कविता, तीही अशी की अक्षराचा आकार हाच तिचा आशय. दृश्य कविता कोणाला फोनवर वाचून दाखवता येत नाही. ती कागदावर पाहावीच लागते. ‘याला कविता म्हणायचे का’ असा प्रश्न तेव्हाही पडत असेल, आजही पडतो. पण अक्षर किती वाकवले तरी ओळखू येते, याचा अंदाज हाताला असाच येत जातो.

१९८३ पासून ते पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवू लागले. तिथून निवृत्त झाल्यावर मुंबईच्याच एनसीएसटी या सरकारी संशोधन संस्थेत गेले. मंगल तिथला.

‘मंगल’ने नेमके काय बदलले?

त्याआधीच्या फॉन्टमध्ये एक फसवणूक होती. संगणक आत इंग्रजी अक्षरेच साठवायचा. फॉन्ट त्यावर मराठीचा मुखवटा चढवायचा. कृतिदेवमध्ये ‘कारंजा’ टाइप केले की फाइलमध्ये प्रत्यक्षात डी, के, जे, ए, टी, के ही सहा इंग्रजी अक्षरे जातात. समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल, तर गावाच्या जागी ‘डीकेजेएटीके’ दिसते. एका कार्यालयात जुन्या ठरावाची प्रत मागितली, तेव्हा पडद्यावर असाच मजकूर उघडला. बाबू आणि आम्ही दोघेही त्याकडे बघत राहिलो. ठराव होता, पण वाचता येत नव्हता.

युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे आणि तो कुठल्याही संगणकावर तोच राहतो. मात्र क्रमांक मिळाले म्हणून मराठी दिसत नाही. आपल्या शेजारचे ‘आर्वी’ घ्या. साठवताना आ, र, हलन्त, व आणि दीर्घ वेलांटी असा क्रम असतो. पडद्यावर मात्र ‘र’चा रफार होऊन वेलांटीच्या डोक्यावर बसला पाहिजे. ‘आष्टी’त ष आणि ट जोडले गेले पाहिजेत. कोण कोणाला कुठे जोडले जाईल, याचे नियम फॉन्टमध्येच भरावे लागतात. रोमन लिपीसाठी २६ अक्षरे, त्यांची मोठी-छोटी रूपे आणि आकडे-चिन्हे काढली की बरेचसे काम होते. देवनागरीत जोडाक्षरांची रूपेच शेकड्यांत जातात. इथे कोडिंग येणारा माणूस पुरत नाही. बोरू कुठे वळतो, दांडा कुठे सोडायचा, हे हाताने केलेले असावे लागते.

विंडोज २००० सोबत मंगल घराघरात पोहोचला. त्यात जोशींबरोबर विनय सायनेकर आणि इतर सहकाऱ्यांचेही काम होते. गुजरातीचा श्रुती, पंजाबीचा रावी, कन्नडचा तुंगा आणि तेलुगूचा गौतमी हे विंडोजमधील फॉन्टही जोशींच्याच नावावर आहेत.

मंगल देखणा नाही, अशी तक्रार डिझायनर करतात. तिच्यात तथ्य आहे. लग्नपत्रिका कोणी मंगलमध्ये छापत नाही. तो त्या काळच्या जाड ठिपक्यांच्या पडद्यावर, लहान आकारातही वाचता यावा म्हणून होता. साठच्या दशकातली जोशींची मोकळीक त्यात शोधू गेल्यास सापडणार नाही. जोडाक्षरे मात्र जागच्या जागी असतात.

पुस्तकावर चित्रकाराचे नाव येते, पोस्टरच्या कोपऱ्यात सही असते. फॉन्टच्या यादीत फक्त ‘मंगल’ एवढेच दिसते.