संशयाचा आधार आधी सरकारने दाखवावा

३१ ऑगस्ट २०१९ रोजी आसामच्या राष्ट्रीय नागरिक नोंदवहीची अंतिम यादी लागली आणि १९ लाखांहून अधिक माणसं तिच्याबाहेर राहिली. नागरिकत्वाचा निकाल आता, कोण परदेशी हे ठरवणाऱ्या विदेशी न्यायाधिकरणांत लागायचा आहे, आणि अन्यायाचं मूळ तिथल्या एका नियमात आहे. एरवी आरोप करणाऱ्याने तो सिद्ध करायचा असतो. १९४६च्या कायद्याने मात्र परदेशी असल्याचा संशय ज्याच्यावर, त्याच्याच माथी पुराव्याचा भार टाकला आणि २०२५च्या नव्या कायद्यानेही तो तिथेच ठेवला. म्हणजे आपण किंवा आपले पूर्वज २४ मार्च १९७१पर्यंत आसामात होते, हे जुन्या मतदारयादीतून किंवा जमिनीच्या कागदातून दाखवायचं, आणि त्या पूर्वजाशी आपलं नातंही कागदानेच जोडायचं. ब्रह्मपुत्रेच्या चरांवर, म्हणजे नदीतल्या वाळूच्या बेटांवर, पुरात घरंच वाहून जातात, तिथे कागद कुठून टिकणार? लहान वयात लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या, शाळा न पाहिलेल्या बाईकडे वडिलांशी नातं सांगणारा ग्रामपंचायतीचा दाखला मिळाला तरी पुष्कळ.

जुलै २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाने परदेशी ठरवलेल्या एका माणसाला भारतीय ठरवलं. पण तोवर तो मरण पावला होता. नावाच्या स्पेलिंगमधले किरकोळ फरक नागरिकत्व काढून घ्यायला पुरेसे नाहीत, आणि हाताशी काही ठोस माहिती असल्याशिवाय कुणालाही परदेशी म्हणून उभं करता येत नाही, असं न्यायालयाने बजावलं.

आसामी माणसाची भीती खोटी नाही. भाषा आणि जमीन हातची जाईल या धास्तीने तिथे १९७९ ते १९८५ आंदोलन पेटलं होतं, आणि त्यातून झालेला करार पाळायलाच हवा. जन्माची माहिती ज्याची त्यालाच असते, ती सरकारने कशी शोधावी, हा आक्षेपही रास्त आहे. पण उत्तर त्या माणसाने द्यायचं, तर संशय कशावरून आला हे आधी त्याला कळायला नको का? शिवाय परदेशी ठरवून त्याला पाठवणार कुठे? हा भारताचा अंतर्गत प्रश्न आहे, असं बांगलादेश मानतो. मग उरतो तो कोणत्याच देशाचा नसलेला माणूस. संविधानाची कलमं १४ आणि २१ केवळ नागरिकांना नव्हे, प्रत्येक व्यक्तीला संरक्षण देतात. १९९६मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितलं. तेव्हा नोटिशीत संशयाची कारणं लिहा, सुनावणीला सरकारी खर्चाने वकील द्या, आणि त्यानंतरच पुरावा मागा.